मनगटाचं माप

१

दुकानात गिऱ्हाईक आलं की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, घड्याळाच्या पट्ट्याकडे बघतो. बक्कल कितव्या भोकाला बसतं, तिथलं चामडं किती ताणलंय, घाम कुठं मुरलाय, एवढ्यावरून माणूस कळतो. आमच्या तहसीलमधले एक साहेब दोन महिन्यांत दोन भोकं आत सरकले, तेव्हा मी त्यांना म्हणालो होतो, साहेब, रक्तातली साखर तपासून घ्या. निघाली. तेव्हापासून ते सेल बदलायलासुद्धा माझ्याकडे येत नाहीत.

माझं दुकान केजला, बसस्टँडमागच्या गल्लीत. पाटीवर ‘हैदर वॉच’ एवढंच आहे. भिंतीवरची घड्याळं, गजर, मोबाईलच्या जमान्यात उरलंसुरलं जे येईल ते. पण त्याआधी अठरा वर्षं मी मुंबईत, स्विस घड्याळांची दुरुस्ती करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये होतो. अब्बा आजारी पडले म्हणून परत आलो, आणि इथलाच झालो. ते हुन्नर आता गंजणार असं मी धरूनच चाललो होतो. तेवढ्यात रामहरीशेठ भेटले.

रामहरीशेठची कळंब रोडला कापसाची जिनिंग. माणूस उंचापुरा, मनगट म्हणजे बाभळीचा ओंडका. त्यांना नाद लागला तो टूरबियाँ घड्याळांचा. आम्ही कारागीर त्याला पिंजऱ्याचं घड्याळ म्हणायचो. त्यात घड्याळाचं काळीज, म्हणजे बॅलन्स, एका इवल्याशा पिंजऱ्यात बसवलेलं असतं, आणि तो पिंजरा मिनिटाला एक गिरकी घेतो. खिशात उभं राहणारं घड्याळ वेळेत मागं-पुढं होऊ नये म्हणून कुणीतरी काढलेली युक्ती. मनगटावर तिचा तसा काही उपयोग नाही. शोभा. किंमत मी सांगत नाही, तुमचा विश्वास बसायचा नाही.

पहिलं घड्याळ आणायला ते चार वर्षांपूर्वी गणपतीच्या दिवसांत मुंबईला गेले. घरी सहा वर्षांची पोर, संस्कृती, तापानं पडलेली. साधा ताप असेल म्हणून निघाले. तिला फोनवर घड्याळ दाखवलं. ती म्हणाली, “पप्पा, मला ती फिरकी हातात पायजे.” दुसऱ्या दिवशी डेंग्यू निघाला, तिसऱ्या दिवशी पोर गेली. शेठ पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

महिन्याभरानं ते दुकानात आले आणि सोन्याचं ते घड्याळ काउंटरवर ठेवलं. म्हणाले, “हैदरभाई, पट्टा बारीक करा.”

“केवढा?”

त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून एक कडं करून दाखवलं. मी फीत धरून मोजलं. बारा सेंटिमीटर.

मला भरून आलं. लोक फोटोला हार घालतात, ह्यांना घड्याळ घालायचं असेल. मी पट्टा कापला, नवं भोक पाडलं, कडा शिवून दिल्या. पैसे घेतले नाहीत.

२

सहा महिन्यांनी तेच घड्याळ परत आलं. “जरा साफ करा. आन् एक भोक बाहेर पाडा, टाइट होतंय.”

मी घड्याळ ठेवून घेतलं. ते गेल्यावर भिंग डोळ्याला लावलं.

फोटोवर टांगलेल्या घड्याळाचा पट्टा कसा असतो ते मला माहीत आहे. सपाट, कोरडा, धुळीचा. हा पट्टा वळलेला होता. आतल्या बाजूला घामाची काळपट रेघ, बक्कलपाशी चामडं रोजच्या घालण्या-काढण्यानं मऊ पडलेलं. पट्टा जिथं घड्याळाला जोडतात त्या खाचेत काहीतरी चिकटलं होतं. सुईनं काढून बघितलं, तर चित्रं रंगवायच्या खडूचं मेण. जांभळं.

मी मनाशी म्हणालो, भावाबिवाचं लेकरू असेल. शेठला भाऊ नाही, हे आठवायला मला संध्याकाळ झाली. मग म्हणालो, जिनिंगवरच्या कुणा मजुराची पोर असेल, दुःखातला माणूस कुणालाही जीव लावतो. असं मी स्वतःला पटवत राहिलो, आणि पट्ट्याला एक भोक बाहेर पाडून दिलं.

त्यानंतर घड्याळं बदलत गेली. दुसरं आलं ते निळ्या तबकडीचं, चांदण्यांचं. तिसरं चौकोनी, लाल पट्ट्याचं, जरा मिरवणारं. चौथं एकदम पातळ, गुलाबी सोन्याचं. दर पाच-सहा महिन्यांनी नवं. मुंबईत मी शौकीन लोक पुष्कळ बघितले होते. त्यांची आवड अशीच बदलते. आधी भडक, मग नाजूक, मग साधी. शेवटी तर लोक पिंजरा तबकडीमागं झाकलेलं घड्याळ घेतात, म्हणजे आपल्याकडे काय आहे ते फक्त आपल्यालाच ठाऊक. म्हणून मी म्हणायचो, शेठ मुरले आता.

पण शौकिनाचं मनगट वाढत नाही.

३

मी मापं एका वहीत लिहून ठेवत होतो. सवय आहे. एक दिवस जेवायला घरी गेलो तेव्हा वही हातात होती. अजमतबीनं, माझ्या बायकोनं, भाकरी वाढता वाढता बघितलं.

“कुणाच्या लेकीची मापं हायेत?”

“लेकीची कशावरून?”

“बारा, साडेबारा, साडेतेरा, चौदा.” तिनं बोटानं एकेक आकडा दाखवला. “आपल्या इरमच्या बांगड्या अशाच वाढत गेल्या. फकस्त इरमला बारा वर्सं लागली. ही पोर दोन वर्सांत कशी वाढली?”

मी तिला सांगितलं. सगळं नाही, पण पुष्कळसं. तिनं तवा उतरवला आणि पदर डोक्यावरून घेतला.

“शेठला इचारू नगा,” ती म्हणाली. “बाप हाय तो. बापाला असलं इचारू न्हाई.”

“अगं, पण हे खरं कसं असंल?”

“खरं हाय का न्हाई ते मला कावून इचारता? मी तर इरमला आता फोन लावणार हाय.”

तिनं लावलासुद्धा. इरम आष्टीला सासरी असते. पलीकडून तिचा आवाज आला तशी अजमतबी रडायलाच लागली, आणि इरम बिचारी विचारत राहिली की अम्मी, झालं काय.

४

सहावं घड्याळ दुरुस्तीला माझ्याकडे होतं तेव्हाची गोष्ट. दुपारचे दोन-अडीच. पाटोद्याच्या एसटीतून उतरून एक बाई दुकानात आली. साधी कॉटनची साडी, हातात कापडी पिशवी. मी ओळखलं नाही.

“मी अंजना. रामहरीशेठची मंडळी.”

मी उठून स्टूल पुढं केलं. शेठची बायको पोर गेल्यावर वर्षभरातच माहेरी पाटोद्याला निघून गेली होती. लोक म्हणायचे भांडण झालं. लोकांना काय, तोंडाला कुलूप नाही.

ताई बसल्या. पाणी घेतलं नाही. “त्यांचं घड्याळ तुमच्याकडं येतंय न्हवं?”

“हो.”

“पट्टा कितव्या भोकाला हाय आता?”

मी हातातला चिमटा खाली ठेवला. मी ड्रॉवर उघडून घड्याळ समोर ठेवलं. पातळ, करडी तबकडी, पिंजरा मागच्या बाजूला झाकलेला. वापरातलं भोक ओळखू येत होतं, कड ताणून लांबुळकी झाली होती.

ताईंनी ते उचललं आणि आपल्या मनगटावर बांधलं. बक्कल त्या भोकात बसलं. नेमकं. ना सैल, ना घट्ट. त्यांनी दुसऱ्या हातानं घड्याळ झाकून घेतलं आणि डोळे मिटले. गल्लीतून उसाचा ट्रॅक्टर गेला, काचा थरथरल्या, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

“माझ्याएवढी झाली,” त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, “ताई, तुमी बघितलंय?”

“एकदाच. तवा ती आठ-नऊ वर्साची दिसत होती. दार लोटलं तर बसलेली. म्या हाक मारली. तिनं माझ्याकडं बघितलं आन् पुन्हा घड्याळाकडं बघाय लागली. मला वळखलं न्हाई.” त्यांनी घड्याळ सोडून हळूच काउंटरवर ठेवलं. “ह्यांना म्हणलं, तिला भाहेर घेऊन चला, उन्हात बसवू. तर म्हणले, भाहेर न्हेता येत न्हाई. मग म्या निघाले. मला न्हाई झालं ते.”

जाताना त्यांनी माझा मोबाईल नंबर लिहून घेतला. म्हणाल्या, “काय झालं तर मला सांगा. ते सांगायचे न्हाईत.”

त्या दिवशी मी दुकान चारलाच बंद केलं. घाबरलो होतो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. पण भीतीपेक्षा त्या बाईची दया जास्त आली.

५

सातव्या घड्याळापासून पट्टा उलट फिरला.

आधी एक भोक आत. मग दोन महिन्यांत आणखी एक. आता चामड्यावर घाम नव्हता. त्याऐवजी बारीक पांढरी भुकटी असायची, उन्हाळ्यात पाय उलतात तेव्हा टाचेवरून झडते तशी. शेठ म्हणाले, “ह्ये जड होतंय. हलकं मागवलंय.” आठवं आलं ते टायटॅनियमचं, हातात धरलं तर वजनच कळू नये असं. मोठे मोठे आकडे, जाड काटे. पिंजरा पुन्हा समोर, उघडा, दिसेल असा.

मी न राहवून म्हणालो, “शेठ, ह्यो तर म्हाताऱ्या माणसाचा डायल हाय.”

ते बेचाळीस-त्रेचाळीसचे. डोक्यात एक केस पांढरा नाही. माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा कुणी पिळावा तसा झाला.

“हैदरभाई, एक काम करा. ह्ये घड्याळ मागं पाडा.”

“मागं?”

“जेवढं हुईल तेवढं. दिवसाला पाच मिन्टं, धा मिन्टं. स्लो करा. लई पळतंय.”

“घड्याळ बरोबर हाय, शेठ.”

“म्हनूनच!” त्यांनी काउंटरवर हात आपटला. मग त्याच हातानं डोळे पुसले. “सहा वर्साची व्हती तवा मी न्हवतो. आता हाय, तर थांबंना ती. सकाळी बघतो, सांजच्याला आणखी वाकलेली. तुमी कारागीर हाव. कायतरी करा ना, भाई.”

घड्याळ मागं पडलं म्हणून दिवस मागं पडत नाही. हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळत होतं, त्यांनाही कळत असणार. तरी मी मान हलवली. मलाही मुलगी आहे.

६

बॅलन्सच्या कडेला बारीक स्क्रू असतात. ते जरा बाहेरच्या बाजूला फिरवले की घड्याळ मंदावतं. कुठलाही कारागीर हे काम एका बैठकीत करेल. मी दार ओढून घेतलं, भिंग लावलं आणि बसलो.

टाइमिंग मशीनवर घड्याळ ठेवलं की त्याची टिकटिक मोठ्यानं ऐकू येते आणि पडद्यावर रेघ उमटते. रेघ आडवी सरळ असली की घड्याळ बरोबर. मी स्क्रू फिरवले. रेघ खाली झुकली. आणखी फिरवले, आणखी झुकली. दिवसाला साडेसहा मिनिटं मागं. मी हात पुसले आणि चहा सांगितला.

चहा आला, एकाला बॅटरी हवी होती, दुसऱ्याचा गजर वाजत नव्हता. पुन्हा खुर्चीवर बसलो तेव्हा मशीन चालूच होतं, रेघ वाकडी, आणि टिकटिक ओढत ओढत येत होती. पुढं मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की झाकण बसवलं, काच पुसली, आणि चांगलं काम झाल्यावर वाटतं तसं मला बरं वाटलं.

शेठ घड्याळ घेऊन गेले. जाताना माझे दोन्ही हात हातात घेतले.

आठ दिवसांनी मशीनमधल्या जुन्या नोंदी पुसत होतो. त्या घड्याळाची शेवटची नोंद समोर आली. रेघ सरळ. दिवसाला शून्य.

चाळीस वर्षं वाकडी रेघ दिसली की सरळ करायची, एवढंच ह्या हातांना माहीत. मन दुसरीकडं होतं, हातांनी आपलं काम करून टाकलं. मी माझ्या बोटांकडे बघितलं आणि मला त्यांची किळस आली.

मी हत्यारांची पिशवी उचलली आणि मोटारसायकलला किक मारली.

७

दुपारचं ऊन होतं. जिनिंग बंद, सीझन संपलेला. मागच्या बाजूला शेठचा बंगला. फाटक उघडं, ओट्यावर कुणी नाही. मी हाक मारली. उत्तर आलं नाही, म्हणून चपला काढून आत गेलो.

आत गारवा होता आणि औषधी तेलाचा वास, म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत येतो तसा. डाव्या हाताला एक दार अर्धं लोटलेलं. त्याच्या आतून टिकटिक ऐकू येत होती. एवढ्या लांबून मनगटी घड्याळ ऐकू येत नाही. मला येत होतं.

मग आवाज आला. थकलेला, दात नसलेल्या तोंडातून आलेला, चिरका.

“पप्पा, फिरकी दिसंना.”

“हाय बघ, फिरतीय. ही बघ.”

“अंधुक दिसतंय.”

मी दारापाशी थांबलो. लहान मुलीचा बुटका पलंग, त्यावर फुलपाखरांची चादर. खुंटीला शाळेचा निळा फ्रॉक. खिडकीवर आतून फळ्या ठोकलेल्या. पलंगाशेजारी शेठ जमिनीवर बसलेले, डोकं गादीवर टेकवलेलं, आणि त्यांच्या काळ्याभोर केसांवरून एक हात फिरत होता. सुरकुतलेला, डाग पडलेला, शिरा वर आलेल्या. माझ्या आजीचा हात शेवटी असा झाला होता. घड्याळ मनगटावरून घसरून कोपरापाशी गेलं होतं. हाताच्या पलीकडे मी बघितलं नाही. खरं सांगतो, मान वळलीच नाही.

शेठना चाहूल लागली. ते हळूच उठून दारात आले. मी पिशवी पुढं केली.

“शेठ, माझ्याकडनं चूक झाली. घड्याळ मी मागं पाडलंच न्हाई. हातानं घात केला. आता द्या, इथंच बसून करतो, पाच मिन्टांत करतो.”

“मला ठाऊक हाय,” ते म्हणाले. “मोबाईलला लावून रोज बघत व्हतो. सेकंदसुद्दा हाललं न्हाई.”

“मग तुमी आला कावून न्हाईत?”

“येणार व्हतो. तीच म्हणली, पप्पा, राहू द्या. लई झालं.” त्यांनी माझ्या पिशवीवर हात ठेवला आणि ती हलकेच मागं सारली. “दमलीय ती. तुमी ओट्यावर बसा जरा. जाऊ नगा.”

ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

मी ओट्यावर बसलो. दाराआडून टिकटिक येत होती आणि शेठचा आवाज, हळू, काहीतरी सांगत असल्यासारखा. बहुतेक गोष्ट सांगत होते. मध्येच कुणीतरी हसलं. मग शेठ एकटेच बोलत राहिले. मग तेही थांबले. टिकटिक कधी थांबली ते मला कळलं नाही. नुसतं लक्षात आलं की मी बराच वेळ काहीच ऐकत नाहीये.

शेठ बाहेर आले. अंगावरचा सदरा पुढून ओला झाला होता. ते माझ्या शेजारी बसले.

“ह्या टायमाला मी व्हतो,” ते म्हणाले. आणि मग मोठ्यानं रडले. चार वर्षांपूर्वी रडायचं राहून गेलं होतं ते सगळं.

मी आत गेलो नाही. नंतर आत काय होतं आणि काय नव्हतं, हे मला माहीत नाही, आणि मी विचारणारही नाही.

८

पाटोद्याला फोन मी लावला. रेंज नीट नव्हती म्हणून फाटकाबाहेर, लिंबाखाली उभा राहिलो.

अंजनाताईंनी पहिल्याच रिंगला उचलला. मी नाव सांगितलं आणि पुढं काही सांगावं लागलं नाही.

“तरास झाला का तिला?”

“न्हाई ताई. बापाच्या केसावर हात व्हता.”

“केस पिकले व्हते का तिचे?”

मी केस बघितले नव्हते. “समदे,” मी म्हणालो.

मग त्यांचा आवाज जरा सावरला. मयताच्या घरी बायका एकमेकींना धीर देतात तशा त्या मलाच समजावल्यासारखं बोलायला लागल्या.

“मग बरं झालं म्हणायचं, भाऊ. पिकलं पान. कच्ची तर न्हाई गेली. समदं बघून गेली न्हवं? पाऊसपाणी, जत्रा, माणसं. समदं बघितलं आसंल न्हवं तिनं?”

मला त्या खिडकीवरच्या फळ्या दिसत होत्या, ओळीनं ठोकलेले खिळे दिसत होते.

“हो ताई,” मी म्हणालो. “समदं बघितलं.”